गंगेकाठचा चित्रपट कोणी पाहावा?

संत एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिण्यास आरंभ केला, तेव्हा तिचे पहिले काही अध्याय काशीत पोहोचले आणि तेथील पंडितवर्ग संतापला, अशी कथा एकनाथांचे चरित्रकार सांगतात. देववाणीतील ग्रंथ प्राकृतात आणणाऱ्या या पैठणकराला काशीस बोलावून जाब विचारण्यात आला. पोथी गंगेत बुडवावी, असा आग्रहही काहींनी धरला. पुढे ग्रंथाचे वाचन झाले, त्यावर वाद झाला, आणि ज्या नगरीत तो बुडवण्याची भाषा झाली होती त्याच नगरीत त्याची मिरवणूक निघाली. कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी एकनाथी भागवत इ. स. १५७३ मध्ये वाराणसीतच पूर्ण झाले, हे निश्चित. ग्रंथाच्या अखेरीस एकनाथांनी स्वतःच तसे नमूद केले आहे.

या कथेतील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विरोधकांनी आधी ग्रंथकर्त्याला समोर बसवले, ग्रंथ ऐकला, आणि मग निवाडा केला. वाद घालण्याची ही रीत काशीत पुढेही टिकून राहिली. १८६९ मध्ये स्वामी दयानंद सरस्वती आणि काशीचे पंडित यांच्यात मूर्तिपूजेच्या प्रश्नावर जाहीर शास्त्रार्थ झाला, तेव्हा तो ऐकण्यासाठी मोठा समुदाय लोटला होता. त्यात कोणाची सरशी झाली, याविषयी दोन्ही पक्षांचे म्हणणे वेगवेगळे आहे. पण जे झाले ते समोरासमोर झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच नगरीत आलेल्या एका चित्रपटाच्या वाट्याला एवढे भाग्यही आले नाही.

कॅनडात स्थायिक झालेल्या दिग्दर्शिका दीपा मेहता यांच्या 'वॉटर' या चित्रपटाची कथा १९३८ सालच्या वाराणसीत घडते. बालपणीच वैधव्य आलेल्या एका मुलीला विधवांच्या आश्रमात आणून सोडले जाते, तिचे केस उतरवले जातात, आणि तेथील स्त्रियांचे दारुण जीवन तिच्या नजरेतून उलगडत जाते. मराठी वाचकाला या विषयात परके असे काही नाही. हरि नारायण आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीत हेच दुःख एकोणिसाव्या शतकात मांडले होते, आणि धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तोही याच दुःखावर उपाय म्हणून. घरातील विधवेने काशीस जाऊन उरलेले आयुष्य कंठावे, ही कल्पना मराठी कुटुंबांनाही अपरिचित नव्हती.

'वॉटर'च्या संहितेला केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाची मान्यता मिळालेली होती. शबाना आझमी आणि नंदिता दास या अभिनेत्रींनी भूमिकांसाठी मुंडन करून घेतले होते. घाटावर सेट उभा राहिला. जानेवारी २००० च्या अखेरीस जमाव त्यावर चालून गेला. सेटची मोडतोड झाली आणि त्याचे अवशेष गंगेत फेकण्यात आले. काही दिवसांनी काम पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा निषेध म्हणून एका इसमाने गंगेत उडी घेतली. सुव्यवस्था धोक्यात येईल, असे कारण देऊन प्रशासनाने चित्रीकरणच थांबवले. ज्यांनी सेट मोडला त्यांनी चित्रपट पाहिलेला नव्हता, कारण पाहण्याजोगा चित्रपट त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. पोथी लिहिली जाण्यापूर्वीच ती बुडवण्याचा हा प्रकार होता.

पुढे काही वर्षांनी हा चित्रपट श्रीलंकेत, वेगळ्या नावाचा आडोसा घेऊन आणि वेगळ्या अभिनेत्रींसह पूर्ण करण्यात आला. सप्टेंबर २००५ मध्ये टोरांटोच्या चित्रपट महोत्सवाचा प्रारंभ त्याने झाला. ऑस्कर पुरस्काराच्या स्पर्धेत त्याला नामांकन मिळाले, ते कॅनडाचा चित्रपट म्हणून. भारतात तो मार्च २००७ मध्ये आला. विधवांच्या दुःखाची काशीतील ही कहाणी जगाने पाहिली. पण पडद्यावर दिसणारा घाट काशीचा नाही, आणि त्या पायऱ्यांना लागून वाहणारे पाणी गंगेचे नाही.

याहून बोलके उदाहरण दुसरे आहे. वाराणसीच्या दक्षिण टोकाला अस्सी नावाचा घाट आणि त्याला लागून त्याच नावाचा मोहल्ला आहे. तेथील चहाच्या दुकानात बसून जगाची उठाठेव करणाऱ्या माणसांवर हिंदीतील ज्येष्ठ लेखक काशीनाथ सिंह यांनी 'काशी का अस्सी' हे पुस्तक लिहिले. ते २००२ मध्ये प्रकाशित झाले. त्यातील माणसे राजकारणावर, जातीवर, धर्मावर मनसोक्त बोलतात, आणि वाक्यागणिक शिवी हासडतात. या शिव्यांत द्वेषापेक्षा सलगीच अधिक असते, हे त्या मोहल्ल्यात दोन दिवस काढलेल्या कोणालाही कळेल. पुस्तकातील एका भागात एक कर्मठ ब्राह्मण येतो. परदेशी पाहुण्यांना घरात भाड्याने खोली देण्यास त्याचा कडवा विरोध असतो. पुढे दारिद्र्याने गांजल्यावर हाच मनुष्य भाडेकरूच्या सोयीसाठी घरातल्या महादेवाची जागा हलवण्यापर्यंत येतो. धर्म आणि पोट यांच्यातील ही ओढाताण लेखकाने ज्या करुणेने रंगवली आहे, ती वाचकाला अस्वस्थ करते.

हे पुस्तक दुकानांतून उघडपणे विकले गेले. त्यावर आधारलेले 'काशीनामा' हे नाटक कोलकात्याच्या रंगकर्मी उषा गांगुली यांनी रंगमंचावर आणले. दूरदर्शनवरील 'चाणक्य' या मालिकेमुळे घरोघरी ठाऊक असलेले दिग्दर्शक चंद्रप्रकाश द्विवेदी यांनी त्याच पुस्तकावर 'मोहल्ला अस्सी' हा चित्रपट काढला, तेव्हा मात्र वादळ उठले. चित्रपटाची काही मिनिटांची झलक २०१५ मध्ये लोकांपुढे आली. तीत शंकराचे सोंग घेतलेला एक मनुष्य शिवी देताना दिसतो. काशीत बहुरूपी पूर्वापार आहेत, आणि सोंग घेतलेला माणूस हा देव नसतो, हे तेथील पोरेटोरेही जाणतात. तरीही धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, आणि ३० जून २०१५ रोजी दिल्लीतील एका न्यायालयाने प्रदर्शनाला स्थगिती दिली. त्यानंतर ज्याला सर्वसामान्य माणूस सेन्सॉर बोर्ड म्हणतो, त्या केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने प्रमाणपत्र नाकारले. प्रकरण अपील न्यायाधिकरणाकडे आणि तेथून दिल्ली उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला. अखेर १६ नोव्हेंबर २०१८ रोजी, फारसा गाजावाजा न होता, चित्रपट पडद्यावर आला.

मधल्या काळात काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. स्थगितीनंतर थोड्याच अवधीत चित्रपटाची चोरटी प्रत इंटरनेटवर पसरली. ज्यांना कायद्याची चाड नव्हती, त्यांनी तो संगणकावर आणि मोबाइलवर फुकट पाहिला. ज्यांना तिकीट काढून रीतसर पाहायचा होता, ते तीन वर्षे थांबले. न्यायालयाच्या आदेशाने चित्रपट लोकांच्या नजरेआड झाला नाही. झाले एवढेच, की प्रामाणिक प्रेक्षक वंचित राहिला आणि निर्मात्याचा पैसा बुडाला. घरबसल्या चित्रपट पाहण्याची सोय जणू चोरांनीच परस्पर करून दिली होती.

हीच सोय निर्मात्याने राजरोस करून दिली तर काय होते, याचे उदाहरण त्याआधी काही महिने अमेरिकेत घडले होते. उत्तर कोरियाचे सत्ताधीश किम जाँग उन यांच्या हत्येच्या कटावर बेतलेला 'द इंटरव्ह्यू' हा विनोदी चित्रपट सोनी पिक्चर्स या कंपनीने २०१४ च्या नाताळासाठी तयार ठेवला होता. नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला, आणि १६ डिसेंबर रोजी चित्रपट दाखवणाऱ्या चित्रपटगृहांना हिंसाचाराची धमकी देण्यात आली. मोठ्या चित्रपटगृह-साखळ्यांनी माघार घेतली. पाठोपाठ कंपनीने प्रदर्शन रद्द केले. असे करण्यात कंपनीची चूक झाली, असे अध्यक्ष बराक ओबामा यांनी उघडपणे सांगितले. मग कंपनीने निर्णय फिरवला. २४ डिसेंबर रोजी चित्रपट इंटरनेटवर पैसे भरून पाहण्यासाठी खुला झाला, आणि दुसऱ्या दिवशी तीनशेहून थोड्या अधिक चित्रपटगृहांत तो लागला. ही बहुतेक चित्रपटगृहे स्वतंत्र मालकांची होती. पहिल्या चार दिवसांत घरबसल्या पाहणाऱ्यांकडून सुमारे दीड कोटी डॉलर मिळाले. चित्रपटगृहांतील उत्पन्न त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होते. चित्रपट कलादृष्ट्या सामान्यच होता, हे सांगितले पाहिजे. पण तो पाहावा की न पाहावा, हे ठरवण्याचा अधिकार धमकी देणाऱ्याच्या हातून निसटला आणि प्रेक्षकाकडे परत आला.

थोड्या चित्रपटगृहांत आणि त्याच वेळी घरोघरी, अशा दुहेरी प्रदर्शनाचा हा मार्ग वादग्रस्त चित्रपटांसाठी भारतानेही स्वीकारावा, असे अनेकांना वाटू लागले आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आधी पाहणे आणि मग बोलणे हे घरच्या पडद्यामुळे विरोधकालाही सोपे होते. ज्याची श्रद्धा दुखावेल अशी भीती आहे, तो गृहस्थ आपल्या खोलीत बसून चित्रपट पाहू शकतो, नको वाटल्यास मध्येच बंद करू शकतो, आणि मग हवे तर त्याविरुद्ध लेख लिहू शकतो. पुस्तकांपेक्षा चित्रपट भावना अधिक चाळवतो, म्हणून त्याचे पूर्वपरीक्षण करणे घटनेला धरून आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात दिला होता. अंधारात शेजारी शेजारी बसलेल्या समुदायाची भीती एकटा बसलेला प्रेक्षक घालत नाही. त्यामुळे त्या युक्तिवादाची धारही घरात बोथट होते.

तरीही या मार्गाने सारे भागेल, असे मानणे चुकीचे ठरेल.

पहिली अडचण घराचीच आहे. घर म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र पडदा, हे चित्र फार थोड्यांच्या बाबतीत खरे आहे. एका खोलीत सहा माणसे राहत असतील, तर तेथे काय पाहायचे हे घरातील कर्ता पुरुष ठरवतो. मोबाइल एकच असेल, तर तो त्याच्याच खिशात असतो. विधवांवरचा 'वॉटर' ज्यांच्याविषयी आहे, त्या आश्रमांतील वृद्ध स्त्रियांजवळ ना बहुपडदा चित्रपटगृहाच्या तिकिटाचे पैसे, ना स्वतःचे यंत्र. मोहल्ल्यातल्या पटांगणात पांढरी चादर लावून दाखवलेला चित्रपट त्यांच्यापर्यंत पोहोचेल. महिन्याची वर्गणी भरून मिळणारा पोहोचणार नाही. आणि 'मोहल्ला अस्सी'सारखा चित्रपट एकट्याने पाहण्यात अर्धी गोडी निघून जाते. ज्या बोलीवर तो उभा आहे ती बोली बोलणारे शंभर जण एकाच वेळी हसले, की त्या हसण्यातच चित्रपटाचे खरे परीक्षण होते. बाहेर पडल्यावर चहाच्या दुकानात जो वाद रंगेल, तो अस्सीचा खरा शास्त्रार्थ!

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. घरचा दरवाजा उघडा आहे म्हणून चित्रपटगृहाचा दरवाजा बंद झाला तरी हरकत नाही, असे सरकारला वाटू लागले, तर नागरिकांच्या हातून फार मोठी गोष्ट निसटेल. कमल हासन यांचा 'विश्वरूपम' हा चित्रपट २०१३ मध्ये आला, तेव्हा तो चित्रपटगृहांच्या आधी डिश-छत्रीद्वारे घरोघरी दाखवण्याचा त्यांचा बेत होता. चित्रपटगृहांच्या मालकांनी त्याला विरोध केला आणि तो बेत मागे पडला. त्यातच काही मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतले. पाचशेहून अधिक चित्रपटगृहांना पोलिस पुरवणे शक्य नाही, अशी भूमिका तामिळनाडू सरकारने घेतली, आणि प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट त्या राज्यात रोखला गेला. काही दृश्यांचा आवाज बंद करण्याचे मान्य झाल्यावरच तो फेब्रुवारीत तेथे लागला. वास्तविक अशी सबब सरकारला सांगता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले होते, आणि तेही एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात. निदर्शने होतील किंवा हिंसाचार होईल या धाकाने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दाबता येत नाही. तिचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय होता. दंगेखोराला आवरण्यापेक्षा दिग्दर्शकाला थांबवणे सोपे असते. वाराणसीच्या घाटावर २००० मध्ये हेच सोपे काम करण्यात आले.

शिवाय घरचा दरवाजा तरी कायम उघडा राहील, याची शाश्वती नाही. 'तांडव' ही मालिका जानेवारी २०२१ मध्ये इंटरनेटवर आली, तेव्हा उत्तर प्रदेशासह काही राज्यांत तिच्याविरुद्ध पोलिसांत गुन्हे नोंदवले गेले. निर्मात्यांनी क्षमा मागितली आणि दृश्ये कापली. 'अन्नपूरणी' या तमिळ चित्रपटाची हकीकत याहूनही विचित्र आहे. प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्रासह तो डिसेंबर २०२३ मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस तो नेटफ्लिक्सवर आला, आणि जानेवारी २०२४ मध्ये धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारींनंतर तेथून काढून टाकण्यात आला. येथे चित्रपटगृहाने दाखवलेले घराने गमावले. चित्रपटगृहातून चित्रपट उतरवायचा तर गावोगावी उतरवावा लागतो, आणि ते चारचौघांना दिसते. इंटरनेटवरून तो एका क्षणात सर्वत्र नाहीसा होतो, आणि कोणाच्या दारासमोर जमावही दिसत नाही. दाद मागण्याची एक पायरीही आता उरलेली नाही, कारण 'मोहल्ला अस्सी' ज्या अपील न्यायाधिकरणाच्या दारी गेला होता ते एप्रिल २०२१ मध्ये बरखास्त झाले. प्रमाणपत्र नाकारले गेले, तर छोट्या निर्मात्याला थेट उच्च न्यायालय गाठावे लागते, आणि तेथील खर्च सर्वांनाच परवडतो असे नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचे काहीच ऐकू नये, असा याचा अर्थ नाही. श्रद्धा ही अनेकांच्या जगण्याचा आधार असते, आणि केवळ डिवचण्यासाठी काढलेले चित्रपटही असतात. अशा चित्रपटाकडे पाठ फिरवण्याचा, त्यावर कडक टीका करण्याचा, दारावर शांतपणे फलक घेऊन उभे राहण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. न्यायालयात जाण्याचाही आहे. मात्र तेथे निकाल लवकर लागला पाहिजे, कारण जुना झालेला चित्रपट निर्दोष सुटला तरी त्याला प्रेक्षक मिळत नाही. वयानुसार वर्गवारी आणि आधीच दिलेली सूचना यांमुळेही पुष्कळ कटुता टळते. दुसऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवण्याचा अधिकार मात्र कोणाच्याही श्रद्धेतून निर्माण होत नाही.

दुहेरी प्रदर्शनाचा मार्ग घ्यायचाच असेल, तर त्यातील 'थोडी चित्रपटगृहे' कोणती, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. आजवरच्या रीतीने ती दिल्ली, मुंबई, बंगळूर अशा महानगरांत निवडली जातील, आणि जेथे तणावाची शक्यता आहे ते गाव पहिल्यांदा वगळले जाईल. निवड याच्या उलट व्हावी. चित्रपट वाराणसीचा असेल, तर त्या मोजक्या यादीत वाराणसीतील निदान एक पडदा असलाच पाहिजे. ज्यांच्याविषयी तो बोलतो, त्यांना तो आपल्या गावात, आपल्या माणसांच्या शेजारी बसून पाहता आला पाहिजे, आणि तो खोटा वाटल्यास तेथेच उभे राहून तसे सांगताही आले पाहिजे.

यात चित्रपटगृहाच्या मालकाचा विचार केल्यावाचून चालणार नाही. वादग्रस्त चित्रपट लावल्याने त्याला आठवडाभराचे उत्पन्न मिळते. पण दर्शनी काचा फुटल्या, खुर्च्या जळाल्या, तर वर्षाची कमाई जाते. तो भित्रा असतो असे नाही, तो हिशेबी असतो, आणि त्याच्या जागी दुसरा कोणीही असता तरी त्याने हाच हिशेब केला असता. 'द इंटरव्ह्यू' लावणाऱ्या लहान मालकांनी धोका पत्करला, तेव्हा देशाचा अध्यक्ष प्रदर्शनाच्या बाजूने बोलला आहे, हे त्यांना ठाऊक होते. भारतातील मालकाला एवढ्या मोठ्या आश्वासनाची गरज नाही. जमावाने केलेल्या नासधुशीची भरपाई ती करणाऱ्यांकडून आणि चिथावणाऱ्यांकडून वसूल व्हावी, तसेच अशा प्रसंगी पोलिसांनी काय करावे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे 'मोहल्ला अस्सी' पडद्यावर येण्याच्या दीड महिना आधी, मार्गदर्शक सूचना दिलेल्या आहेत. ही भरपाई वर्षानुवर्षे न रेंगाळता हाती पडेल आणि पहिल्या खेळाच्या वेळी दारावर पुरेसे पोलिस उभे असतील, एवढी खात्री जिल्हा प्रशासनाने लेखी द्यावी. तेवढ्या कागदावर वाराणसीतला मालक तिकीट-खिडकी उघडेल.